ठिगळाची पत

'आभाळच फाटले तर ठिगळ कोठे कोठे लावणार?' अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण निराशेची आहे, पण तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. आभाळ सोडून बाकी जे काही फाटेल त्याला ठिगळ लावायचेच, ही गोष्ट म्हण घडवणाऱ्यांना इतकी उघड वाटत होती की ती वेगळी सांगण्याची त्यांना गरज भासली नाही. आज आपल्या घरांत परिस्थिती उलट झाली आहे. सदऱ्याची कॉलर विरली, साडीला खोंबारा लागून बोटभर चीर गेली, चादर मध्यभागी विरळ झाली, की ती वस्तू संपली असे आपण धरून चालतो. सुई-दोऱ्याचा डबा घरोघर आहे. परंतु तो तुटलेले बटण लावण्यापुरता उरला आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांचा कापडाचा व्यापार आहे. नवे कापड विकून ज्यांचे घर चालते त्यांना जुने कापड सांधून वापरा असे सांगणे, म्हणजे किराणा दुकानाच्या गादीवर बसून उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. तरीही हा विषय मी घेतला आहे. माझी सारी नोकरी बँकेत गेली आणि हिशेब पाहण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. जुन्या कापडाचा हिशेब मांडू लागलो, तेव्हा दोन रकमा कोणत्याच वहीत चढलेल्या नाहीत असे दिसले. एक, कापडात आधीच खर्ची पडलेल्या पाण्याची. दुसरी, ते कापड सांधणाऱ्या बाईच्या मजुरीची. या लेखात त्या दोन रकमा मांडावयाच्या आहेत.

सध्या शहरांतील तरुण मंडळींत साशिको या जपानी टाक्याची बरीच चर्चा आहे. साशिको म्हणजे बारीक बारीक टोचणे. तंत्र अगदी साधे आहे. आपल्याकडे शिवणवर्गात पहिल्याच दिवशी जो धावदोरा शिकवतात, तोच हा टाका. निळीने रंगवलेल्या गडद कापडावर पांढऱ्या जाड सुती दोऱ्याने सरळ रेषांत, चौकटींत किंवा एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांत तो घालतात. आज तो शोभेचा वाटतो. त्याचा जन्म मात्र गरजेतून झाला. एदो कालखंडात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, जपानमधील शेतकरी आणि कोळी कुटुंबे विरलेले कापड दुहेरी-तिहेरी ठेवून अशा टाक्यांनी शिवून घेत. आग विझवणारे लोक अनेक पदरी साशिकोचे अंगरखे घालत आणि ते पाण्याने चिंब करून आगीत शिरत.

जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला, आजच्या आओमोरी प्रांतात, पूर्वी त्सुगारू नावाचे संस्थान होते. तेथे थंडीमुळे कापूस पिकत नसे आणि शेतकऱ्यांनी सुती वस्त्र वापरू नये असा संस्थानाचा हुकूम होता. लोकांच्या अंगावर वाखाचे जाडेभरडे, विरळ विणीचे कापड असे. बर्फाळ वाऱ्यात त्याचा निभाव लागणे कठीण. तेथील बायकांनी विणीतील धागे मोजून मोजून, मधली फट दोऱ्याने भरून काढण्याची रीत बसवली. या कामाला 'कोगिन' म्हणतात. पुढे १८९१ मध्ये तोक्योकडून आओमोरीपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला, बाजारात सुती कापड सहज मिळू लागले आणि थोड्याच वर्षांत कोगिन मागे पडले. विसाव्या शतकात यानागी सोएत्सु यांच्यासारख्या लोककलेच्या अभ्यासकांनी त्याकडे पुन्हा लक्ष वेधले. ज्या कपड्यांवर आणि पांघरुणांवर दोन-तीन पिढ्यांची ठिगळे एकावर एक बसली, त्यांना जपानीत 'बोरो' म्हणतात; शब्दाचा अर्थ चिंध्या, लक्तरे. तानाका चुझाबुरो (१९३३–२०१३) या संग्राहकाने आओमोरीच्या खेड्यांत हिंडून असे बोरो गोळा केले. घरच्या लोकांना ज्यांची लाज वाटे, ती वस्त्रे पुढे तोक्योच्या संग्रहालयात मांडली गेली.

ही कथा घाटनांदूरच्या वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. परळी ते लातूर रोड या लोहमार्गावरील आपल्या गावातही गाडीने आणि रस्त्याने बाहेरचे कापड आले आणि घरच्या पांघरुणाची जागा त्याने घेतली. आपल्या साशिकोचे नाव गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात. जपानच्या उत्तरेत कापूस नव्हता म्हणून टाका आला. आपल्या मराठवाड्यात कापूस शेतात होता, तरी घरात नवे पांघरूण घेण्याजोगा पैसा नव्हता म्हणून टाका आला. कारणे निराळी असली तरी हात एकाच रीतीने चालले.

गोधडीची रचना पाहण्यासारखी आहे. खाली जुने सुती लुगडे अंथरतात. त्यावर विरलेली धोतरे, परकर, सदऱ्यांचे तुकडे, मुलांचे आखूड झालेले कपडे पसरतात. उंचसखल राहू नये म्हणून जेथे पदर कमी तेथे एखादा तुकडा घालतात. वरून पुन्हा एक लुगडे येते. कडा आत मोडून सर्व पदर कच्च्या टाक्याने टाचून घेतात आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करून, चारी बाजूंनी फिरत आत आत येतात किंवा सरळ रेषांत जातात. पदरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. टाका पदरांना सरकू देत नाही. ताणही एका जागी न पडता हजारो टाक्यांत वाटला जातो. एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके तोलून धरतात. साशिकोचे शास्त्र याहून वेगळे नाही.

गोधडी ही कापडाच्या प्रवासातील मधली पायरी होती. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. नेसण्यात ते ठरावीक जागीच अधिक झिजते. झिजलेला भाग कापून काढायचा आणि उरलेली टोके जोडायची. या जोडाला दंड म्हणत. दंड घातलेले लुगडे घरात आणखी काही काळ चाले. त्यानंतर त्याच्यातून मुलीचा परकर, बाळाचे झबले, कुंची, दुपटे निघे. तान्ह्या बाळाला नव्या कापडापेक्षा अनेकदा धुतलेले जुने सुती कापड मऊ लागते, हे घरच्या बायका जाणून होत्या. मग गोधडी. गोधडीही फाटली की पोतेरे, आणि अखेरीस चूल पेटवायला किंवा काकड्याला एक चिंधी.

वाणिज्य शाखेत आम्हाला घसारा काढण्याच्या दोन मुख्य पद्धती शिकवल्या. एकीत दरवर्षी ठरावीक रक्कम वजा होते आणि काही वर्षांनी वस्तूची पुस्तकी किंमत शून्यावर येते. दुसरीत उरलेल्या किमतीवर टक्केवारीने घसारा निघतो. त्यामुळे किंमत दरवर्षी घटते, पण कधीच शून्य होत नाही. आपल्या आज्यांनी कापडाला ही दुसरी पद्धत लावली होती. आपण पहिली लावतो, आणि तीही इतकी घाईने की दोन दिवाळ्यांत सदरा वहीतून बाद होतो.

जे घरात जिरत नसे ते बोहारणीकडे जाई. भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती दारात बसे. दोन साड्या, एक पँट, वर आणखी एक सदरा अशी घासाघीस होऊन एखादा स्टीलचा डबा पदरात पडे. डबा किती स्वस्तात पटवला याचे कौतुक दोन दिवस चाले. पुढे ते कपडे धुऊन, उसवलेले शिवून, बटणे लावून जुन्या बाजारात विकले जात. म्हणजे दुरुस्ती आपल्या घरातून निघून गेली तरी थांबली नव्हती. ती बोहारणीच्या घरी होत होती. तेथील टाके आपल्याला दिसत नव्हते आणि डब्याच्या किमतीत ते आपण कधी धरले नाहीत.

आता पहिली रक्कम पाहू. एक सुती टी-शर्ट तयार होण्यासाठी, कापसाच्या शेतापासून धरले तर, सुमारे २,७०० लिटर पाणी लागते असा अंदाज जगभर दिला जातो. आपल्या भागाला पाण्याची किंमत सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी आली. त्या पहिल्या खेपेत दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते आणि देशभर त्याची बातमी झाली. पाच लाखांना २,७०० ने भागले तर उत्तर १८५ येते. एका मध्यम कापडदुकानाच्या दोन फळ्यांवर जेवढे टी-शर्ट मावतील, तेवढ्यांत ती सारी गाडी रिती होते. हे पाणी एकदा खर्च झाले आहे, ते परत मिळत नाही. कापड आणखी तीन वर्षे वापरले तर त्याच पाण्यावर तीन वर्षे अधिक निघतात, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

दुसरी रक्कम मजुरीची. सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद गोधडी घेऊ. टाक्यांच्या ओळी दोन सेंटिमीटर अंतरावर घातल्या तर सुमारे ६७ ओळी होतात. प्रत्येक ओळ सुमारे १८० सेंटिमीटरची. एकूण लांबी १२० मीटर भरते. एक टाका आणि त्यानंतरची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरला तर एका गोधडीत बारा हजार टाके येतात. जाड पदरांतून मिनिटाला दहा टाके घातले तरी नुसत्या टाक्यांना वीस तास लागतात. कपडे धुणे, उसवणे, निवडणे, अंथरणे, टाचणे, ठिगळे बसवणे हे वेगळे. आठ तासांचा दिवस धरून एकंदर काम चार दिवसांचे होते. सन २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने चार दिवसांचे १,२४८ रुपये होतात. यात दोरा नाही, सुई नाही, कौशल्याचे मोल नाही आणि नफाही नाही. खड्डे खणण्याच्या कामाला सरकार जो किमान दर देते, तेवढाच आपण टाक्याला लावला आहे. तरीही गोधडी शिवणाऱ्या बाईला कोणी दोन-तीनशे रुपये देऊ करतो, तेव्हा 'कापड तर आमचेच आहे' असे कारण पुढे करतो. व्यवहार चोख पाहणाऱ्या माणसाने ही आकडेमोड एकदा करून पाहावी.

आपल्या जिल्ह्यात गोधडी ही आजही आठवणीतली वस्तू झालेली नाही. दिवाळी सरत आली की बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, ट्रॅक्टरवर रचलेला संसार, आणि त्या संसारात गोधड्यांचे गाठोडे. पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या उसाच्या फडाजवळ कोपी उभारली की जमिनीवर अंथरायला आणि अंगावर घ्यायला तीच गोधडी. थंडीचे महिने तिच्यावर निघतात. या घरांत गोधडीचा टाका सैल पडला तर रात्र जड जाते. शहरातील प्रदर्शनात रंगसंगतीसाठी नावाजली जाणारी वस्तू आणि कोपीतल्या जमिनीवरची वस्तू एकच आहे. फरक एवढाच की एकीची किंमत चिठ्ठीवर लिहिलेली असते आणि दुसरीची कोणी विचारलेली नसते.

गोधडीपुढे आज खरी अडचण कापडाच्या जातीची आहे. पूर्वी घरातले बहुतेक कापड सुती असे. आता साड्या, ओढण्या, पडदे, शाळेचे गणवेश यांत पॉलिएस्टरचा भाग मोठा असतो. पॉलिएस्टर टिकाऊ असते, पण घाम टिपत नाही; त्याची गोधडी अंगावरून घसरते, उन्हाळ्यात चिकचिकते आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. शिवाय ते कुजत नाही. म्हणून सुती कापडाचा प्रत्येक जुना तुकडा आज पूर्वीपेक्षा अधिक मोलाचा झाला आहे आणि नेमका तोच आपण पॉलिएस्टरच्या ढिगात मिसळून टाकून देतो.

एवढे सगळे पटले तरी एक गोष्ट आडवी येतेच, ती म्हणजे लाज. व्यापारी घरांत ती अधिक असते आणि तिला कारणही आहे. आपला धंदा पतीवर चालतो. पेढीवर बसणाऱ्याच्या सदऱ्याला ठिगळ दिसले तर समोरचा माणूस त्याच्या तिजोरीविषयी शंका घेईल, अशी भीती पिढ्यान्‌पिढ्या बाळगली गेली. लग्नकार्यात तीच साडी दुसऱ्यांदा नेसली तर जावा-नणंदा काय म्हणतील, ही त्याच भीतीची धाकटी बहीण. पत जपणे चूक नाही. मी आयुष्यभर लोकांची पतच तपासत आलो. मात्र कर्जाचा अर्ज पाहताना अर्जदाराच्या कपड्यावरून निर्णय घेता येत नाही, हे बँकेतला कोणीही माणूस सांगेल. त्याने पूर्वीचे हप्ते वेळेवर भरले का, साठ्याचा हिशेब जुळतो का, बाजारात त्याचा शब्द चालतो का, हे पाहिले जाते. नवी मोटार घेऊन येणाऱ्याच्या खात्यात थकबाकी निघते आणि साध्या धोतरातल्या अडत्याचे खाते वर्षानुवर्षे स्वच्छ असते, हे चित्र माझ्या व्यवसायबंधूंना नवे नाही.

महाराष्ट्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण संत गाडगेबाबांचे (१८७६–१९५६). अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, हातात खराटा आणि गाडगे. लोक त्यांना गोधडे महाराज असेही म्हणत. त्याच माणसाच्या शब्दावर लोकांनी मुक्तहस्ताने पैसा दिला आणि पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. देणाऱ्यांत मोठमोठे व्यापारीही होते. ठिगळाच्या वस्त्राने त्यांची पत तसूभरही उणी झाली नाही. पै-पैचा विनियोग कोठे होतो हे लोकांना दिसत होते, म्हणून ती वाढत गेली.

काळाची गंमत अशी की ठिगळाला आता बाजारातही मान मिळू लागला आहे. मोठ्या शहरांत मुद्दाम फाडलेल्या विजारी अखंड विजारींपेक्षा महाग विकल्या जातात आणि बोरोच्या धर्तीवर शिवलेल्या कोटांना परदेशांत मोठी किंमत येते. मला या फॅशनचे फारसे कौतुक नाही. फाटलेले सांधणे आणि सांधलेले दिसावे म्हणून फाडणे यांत मोठे अंतर आहे. तथापि या मागणीचा लाभ टाका घालणाऱ्या हाताला मिळाला तर तिच्यावर रागावण्याचेही कारण नाही.

तसे घडू शकते, याची दोन उदाहरणे देतो. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका 'कवंदी' नावाच्या गोधड्या शिवतात. त्यांची वीण आपल्या गोधडीच्या जवळची आहे, रंगांची जोडणी मात्र त्यांची स्वतःची. २००४ मध्ये त्यांची गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली आणि त्यांचे काम परदेशांतील संग्रहालयांपर्यंत पोहोचले. दुसरे उदाहरण जपानचेच. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीत इवाते प्रांतातील ओत्सुची हे किनाऱ्यावरचे गाव उद्ध्वस्त झाले. घर नाही, काम नाही अशा अवस्थेत आश्रयस्थानी बसलेल्या बायकांच्या हाती स्वयंसेवकांनी सुई, दोरा आणि कापड दिले. त्यांनी साशिकोचे रुमाल शिवले, ते विकले गेले आणि त्यातून त्यांना रोख मिळकत सुरू झाली. सुई-दोऱ्याला जागा लागत नाही, वीज लागत नाही, आणि वृद्ध बाईही बसल्या जागी काम करू शकते. ज्यांच्याजवळ काहीच उरले नव्हते अशांना म्हणून तेच काम जमले.

आपल्याकडे अशा कामाला भांडवल मिळण्याची वाट बंद नाही. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून सुरू केलेली बचत गट आणि बँक यांची जोडणी आज गावोगाव पोहोचली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांना विनातारण कर्ज मिळते. पहिला टप्पा एक लाखाचा, दुसरा दोन लाखांचा, व्याज पाच टक्के. त्या अठरांत शिंपीकाम आहे. गोधडीचे नाव मात्र वेगळे घेतलेले नाही. जे काम घरातल्या बाईने फुकट केले त्याला व्यवसाय म्हणण्याची सवय सरकारला नाही, तशी ती आपल्यालाही नाही. परंतु कर्जाने प्रश्न सुटतो असे मी म्हणणार नाही. कर्ज फेडायला गिऱ्हाईक लागते, आणि योग्य दाम देणारे गिऱ्हाईक आपल्यासारख्या घरांतूनच यायचे आहे.

आपल्या घरांत परिग्रह-परिमाणाचा नियम घेणारी मंडळी आहेत. कोणी वर्षाला कपड्यांचे अमुक जोड यापेक्षा अधिक घ्यायचे नाहीत असा संकल्प करतात. मर्यादा ठरवली की असलेली वस्तू सांभाळणे आपोआप आले. त्या दृष्टीने सुई-दोरा हे नियम निभावण्याचे साधन आहे, एवढेच येथे नमूद करतो.

आता थोडे कृतीविषयी. गुडघ्यावर विरलेली विजार किंवा मध्यभागी पातळ झालेली चादर साशिकोच्या रीतीने सांधणे कोणालाही जमेल. ठिगळाचे कापड मूळ कापडाइतके किंवा त्याहून थोडे पातळ असावे आणि आधी धुऊन घ्यावे, म्हणजे मागाहून आटून कापड ओढले जाणार नाही. ते आतल्या बाजूने लावावे आणि विरलेल्या भागाच्या चारी बाजूंनी दोन-तीन बोटे अधिक ठेवावे. कच्च्या टाक्याने टाचावे. मग जाड सुती दोऱ्याने, धड असलेल्या कापडापासून सुरुवात करून, विरलेल्या भागावरून जात पुन्हा धड कापडापर्यंत समांतर ओळी घालाव्यात. वर दिसणारा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, खालचा किंचित लहान. ओळ वळवताना दोरा थोडा सैल सोडावा. ताणला तर कापड चुरमडते. दोरा मूळ कापडाच्या रंगाचा घेतला तर ठिगळ लपते, वेगळ्या रंगाचा घेतला तर नक्षी होते. ज्याची जशी आवड. सुनेला किंवा मुलीलाच हे शिकवावे असे नाही. मुलगा वसतिगृहात शिकायला जातो तेव्हा त्याच्या सामानात सुई-दोरा द्यावा आणि तो वापरायलाही शिकवावे.

दुकानदार वाचकांना तीन सूचना आहेत. शिंपीकाम चालते तेथे सुती कातरण वेगळ्या पिशवीत साठवावे, पॉलिएस्टरमध्ये मिसळू देऊ नये, आणि गोधडी शिवणाऱ्या बायकांना ते द्यावे. ताग्याच्या शेवटचे न विकले जाणारे सुती तुकडेही त्यातच जातील. दुसरे, दुकानात विकलेल्या कापडाची किरकोळ दुरुस्ती माफक दरात करून देण्याची सोय ठेवावी. त्यासाठी जवळच्या एखाद्या बाईला ठरवून काम द्यावे. दुरुस्तीसाठी आलेले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जात नाही, हे व्यापाऱ्याला मी सांगण्याची गरज नाही. तिसरे, हिवाळ्यात गरजूंना वाटण्यासाठी शेकड्याने स्वस्त ब्लँकेटे घेतली जातात, त्यांतील काही रक्कम बाजूला काढून आपल्याच तालुक्यातल्या बायकांकडून सुती गोधड्या शिवून घ्याव्यात. एकाच रकमेत एका घरी पांघरूण जाते आणि दुसऱ्या घरी चार दिवसांची मजुरी.

घरातील मंडळींसाठी काम अधिक सोपे आहे. दिवाळीच्या आवराआवरीत कपाट रिकामे कराल तेव्हा कपड्यांचे दोन ढीग करा, सुती आणि इतर. सुती ढिगातले जे सांधून वापरता येईल ते सांधा. उरलेले धुऊन, बटणे काढून, घडी घालून गोधडीसाठी द्या. शिवणारी बाई गावातच सापडेल. विचारावे मात्र लागेल. दर ठरवताना १,२४८ चा आकडा लक्षात ठेवा, आणि हिशेब लिहाल तेव्हा ती रक्कम दानधर्माच्या खात्यात न लिहिता मजुरीच्या खात्यात लिहा.